क्लायंट म्हणाली "माझ्यासाठी प्रार्थना करा", तर काय करायचं? ख्रिस्ती विश्वास आणि सोशल वर्क

तुझा प्रश्न शांतपणे वाचला. वयानं माझ्या मुलीएवढी असशील म्हणून अगं-तूगं करतेय, राग मानू नकोस.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. तू पिढीजात ख्रिस्ती घरातली, एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर्स डिग्री) झालीस आणि शहरातल्या एका वस्तीत बायका-मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत लागलीस. तुमच्या मंडळीचे (चर्चच्या समुदायाचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणतात, रोज एवढ्या घरांत जातेस आणि प्रभूचं नाव काढत नाहीस, मग ही सेवा कसली. ऑफिसातल्या सिनियर मॅडम म्हणतात, धर्म घरी ठेवून यायचं. आणि मध्येच वस्तीतली एक हिंदू बाई, नवरा रोज पिऊन मारतो, तिनं तुझ्या गळ्यातला क्रॉस बघितला आणि म्हणाली, ताई तुमच्या देवाला माझ्यासाठी सांगा ना. तू गप्प बसलीस आणि तेव्हापासून तुला दोन्हीकडून अपराधी वाटतंय.

मी मिशन हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते, मग बरीच वर्षं वस्तीपातळीवर काम केलं, आता बालगृहांच्या स्टाफला ट्रेनिंग देते, आणि रविवारची उपासना चुकवत नाही. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही.

मला वाटतं, प्रार्थना करू की नको हा तुझा खरा प्रश्न नाहीच. खरा प्रश्न असा आहे की तुझ्या हातात मदत आहे आणि समोरच्या बाईला तिची गरज आहे. मुलाची ॲडमिशन, रेशन किट, पोलीस स्टेशनला सोबत येणं, शेल्टर होमची चिठ्ठी, हे सगळं तुझ्या एका शब्दावर अडतं असं तिला वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. अशा माणसानं नुसतं सहज म्हणून "आमच्या चर्चला या ना" म्हटलं तरी तिच्या कानावर ते आमंत्रण म्हणून पडत नाही, तिला वाटतं आता गेलं नाही तर ताईंना वाईट वाटेल आणि काम लांबेल. तू मनातून कितीही स्वच्छ असलीस तरी तिच्या बाजूनं ते असंच दिसतं. म्हणून मी ट्रेनिंगमध्ये एकच कसोटी सांगते, तिला नाही म्हणता येईल का, आणि नाही म्हटल्यावर आपलं काही बिघडणार नाही याची तिला स्वतःला खात्री आहे का? तुला खात्री असून उपयोग नाही, तिला पाहिजे.

ही कसोटी काही धर्माच्या विरोधातली नाहीये, मला तर ती शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, दिसते. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके समजत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे आहेत असं प्रभूनं विचारलं, पण त्या नवांचं बरं होणं काढून घेतलं नाही. आंधळा बार्तीमय समोर उभा असताना, त्याला काय पाहिजे हे उघड दिसत असतानाही त्याला आधी विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. आपण क्लासमध्ये सेल्फ-डिटर्मिनेशन (आपलं आपण ठरवायचा क्लायंटचा हक्क) म्हणून जे शिकतो ते याच्यापेक्षा फार वेगळं नाही. आणि एमएसडब्ल्यूच्या पहिल्याच वर्षाला केसवर्कची, म्हणजे एकेका माणसाबरोबरच्या कामाची, जी सात तत्त्वं पाठ केलीस, स्वीकार, नॉन-जजमेंटल वृत्ती, गोपनीयता वगैरे, ती मांडणारे फेलिक्स बीस्टेक हे स्वतः जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाचे, धर्मगुरू होते. तेव्हा कुणी तुला म्हटलं की या तत्त्वांमुळे तुझा विश्वास पातळ होतोय तर हे जरूर सांग.

आपल्याकडचा इतिहासही बघ. भारतात सोशल वर्कचं व्यावसायिक शिक्षण सुरू झालं ते मुंबईत १९३६ साली, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कमधून, म्हणजे आजचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). तिचे पहिले डायरेक्टर क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. त्याआधी त्यांनी नागपाड्याच्या मिश्र वस्तीत नेबरहुड हाउस हे वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र चालवलं होतं, आणि स्कूलला पैसा देणारं टाटांचं ट्रस्ट पारशी. म्हणजे आपल्या पेशाच्या मुळाशीच ख्रिस्ती माणूस आहे, पण त्यानं जे उभं केलं ते सगळ्यांसाठी.

याच इतिहासातली दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा मुलींसाठी राहण्याची आणि शिकण्याची संस्था काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली, आणि १८९३ मध्ये तिथं मोठं वादळ उठलं कारण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसायला लागल्या होत्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, केसरीनं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणावर जबरदस्ती केलेली नाही, माझ्या खोलीचं दार उघडं असतं, ज्यांना यायचं त्या येतात. माझ्या मनात रमाबाईंबद्दल अपार आदर आहे आणि जबरदस्ती नव्हती यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ज्या मुलीचं जेवण, अंथरूण, शिक्षण सगळं एका बाईंवर अवलंबून आहे तिच्यासाठी त्या बाईंच्या खोलीचं उघडं दार हे नुसतं दार राहत नाही, ती तिथं प्रेमानंही जाते, बाईंना बरं वाटावं म्हणूनही जाते, आणि कशानं गेली हे तिचं तिलाही सांगता येत नाही. बालगृहात काम करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. आणि आपल्या समाजानं दुष्काळात दाण्यापायी बाटले हा टोमणा पिढ्यान् पिढ्या ऐकलाय. तो अन्यायाचा आहे, कारण कितीतरी महार-मांग कुटुंबं माणूस म्हणून उभं राहता यावं म्हणून ख्रिस्ती धर्मात आली होती. पण तो टोमणा खरा ठरू नये ही जबाबदारी आता तुझ्यामाझ्यावर आहे.

आता त्या बाईकडे येऊ. तिनं स्वतःहून म्हटलं, तू विषय काढला नव्हतास, हा फरक मोठा आहे. पण तिच्या वाक्यात तू प्रार्थना ऐकलीस, मला आधी मार ऐकू आला. म्हणून पहिलं काम, आज रात्री घरी सुरक्षित आहेस का, तो मारायला लागला तर कुठं जातेस, मुलं कुठं असतात, हे विचारायचं. तिच्याकडे ११२ (पोलिसांची तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर आहेत का बघायचं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो आणि घरात राहायचा हक्क मिळतो हे साध्या भाषेत सांगायचं. हे न करता डोळे मिटून प्रार्थना केली तर ती माझ्या मते प्रार्थनाही नाही आणि सोशल वर्कही नाही.

मग तिला विचार, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन, तुम्हाला आत्ता इथं करायला पाहिजे का मी घरी करू?" बहुतेक बायका म्हणतात घरी करा, आठवण ठेवा म्हणजे झालं. तिला एवढंच पाहिजे असतं की कुणीतरी आपल्याला आठवणीत ठेवतंय. आत्ताच करा म्हणाली तर दोन-तीन वाक्यांत, तिच्याच शब्दांतलं मागणं मागायचं, डोक्यावर हात वगैरे ठेवायचा नाही, शेवटी चर्चचा पत्ता द्यायचा नाही. आणि पुढच्या भेटीत तू तो विषय काढायचा नाहीस. तिनं काढला तर बोल. ऑफिसला आल्यावर मॅडमना सांग की असं असं झालं, मी असं केलं. जे सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठांशी केसबद्दल बोलताना, उघड सांगता येत नाही ते करायचं नाही, हा नियम मला आजवर पुरलाय.

अर्थात हे संस्थेवरही अवलंबून आहे. सरकारी पोस्टवर असशील, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा अंगणवाडी प्रकल्पात, तर मोठ्यानं प्रार्थना नाहीच, घरी मनात कर. मिशन हॉस्पिटलात चॅप्लेन, म्हणजे हॉस्पिटलचे धर्मगुरू, असतात, तिथं पेशंटनं मागितलं तर त्यांना बोलावता येतं आणि ते त्यांचंच काम आहे, तुझं नाही. सेक्युलर संस्थेत असशील तर तिची पॉलिसी काय म्हणते ते आधी वाच. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं, त्यात सामाजिक, शैक्षणिक, धार्मिक, सांस्कृतिक, आर्थिक असे प्रकार असतात, सामाजिक म्हणून आलेल्या पैशातून धार्मिक काम झालं तर पूर्ण संस्था अडचणीत येऊ शकते आणि मग त्या वस्तीतलं सगळंच बंद.

आता तिच्या नवऱ्याबद्दल, कारण विश्वासाची खरी परीक्षा मला तिथं दिसते. आपल्याकडे दारू सोडवणारी सगळ्यात जुनी गोष्ट कोणती? माळ. माणूस पंढरपूरला जातो, तुळशीची माळ घालून येतो आणि दारू-मटण दोन्ही सोडतो. सगळ्यांचं टिकत नाही, पण कितीतरी जणांचं टिकतं, कारण पाठीशी सगळी दिंडी असते, एकादशीला भजनाला बोलवणारी माणसं असतात, माळकरी माणूस गुत्त्यावर दिसला तर गाव त्याला विचारतं. समज उद्या तो नवरा म्हणाला की मी माळ घालतो. तुला मनापासून आनंद होईल का? तू त्याला म्हणशील का की चांगला विचार आहे, वारीला जाणाऱ्यांपैकी कुणाला ओळखता, आणि एकदम दारू तोडली तर अंग थरथरतं, फिट येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवू? की तुला आतून वाटेल, अरेरे, हा प्रभूकडे आला असता तर बरं? ते वाटलं तर वाटू दे, माणूस आहेस, पण तुझ्या बोलण्यात ते उतरता कामा नये. मी अशा एका कुटुंबात वर्षानुवर्षं जात होते, तो माणूस माळकरी झाला आणि सुटला, आणि मी त्याच्यासाठी देवाचे आभार मानले, माझ्या देवाचे. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. देवानं कुणाला कुठल्या वाटेनं उभं करावं हे मी ठरवत नाही.

म्हणूनच मॅडमचं "धर्म घरी ठेव" हेही मला पूर्ण पटत नाही. क्लायंटचा धर्म तर तिच्याबरोबर येतोच. इनटेकला, म्हणजे पहिल्या नोंदणीच्या मुलाखतीत, आपण नोकरी, कर्ज, आजार सगळं विचारतो आणि देवाधर्माचं विचारत नाही, म्हणजे तिच्या आधाराची अर्धी माणसं आपल्याला कळतच नाहीत. कुणी गुरुचरित्राचं पारायण करते, कुणी दर्ग्यावर जाते, कुणी विहारात जाते, कुणाच्या अंगात येतं. हे सगळं कुतूहलानं आणि आदरानं विचारायला विश्वास असलेली सोशल वर्कर जास्त चांगली असते असं माझं मत आहे, कारण श्रद्धा माणसाला कशी धरून ठेवते हे तिला आतून माहीत असतं.

आता आपल्याच लोकांबद्दल बोलते, कारण तुझा विश्वास सगळ्यात जास्त उपयोगी पडेल तो तिथं. ख्रिस्ती बाई मार खात असते आणि तिला मंडळीतून सांगितलेलं असतं, क्षमा कर, सहन कर, देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे. बिगर-ख्रिस्ती कौन्सेलर यावर काय बोलणार? तू बोलू शकतेस. मी तिला सांगते, क्षमा करणं तुझ्या हातात आहे, पण त्याच्या घरात परत जाणं ही वेगळी गोष्ट आहे, तो बदलला का हे बघितल्याशिवाय ती करायला तुला शास्त्र सांगत नाही. देवाला तिटकारा आहे हे बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकातलं जे वचन ऐकवतात ते बायकोशी विश्वासघात करणाऱ्या नवऱ्यांना उद्देशून आहे, त्याच वचनात पुढे जुलमाचाही तिटकारा आहे, ते कुणी वाचून दाखवत नाही. आणि कायद्याचंही सांगते, ख्रिस्ती बायकांना नुसत्या क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागता येत नव्हता, व्यभिचार पण सिद्ध करावा लागायचा, १८६९ च्या त्या कायद्यात २००१ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा कुठं ते बदललं. पुष्कळ पाळकांना अजून जुनंच माहीत असतं. त्यांना पण प्रेमानं सांगावं लागतं.

मुलांच्या बाबतीत तर प्रेमानं सांगण्याचाही प्रश्न नाही. अठराखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तो मंडळीतल्या माणसानं केला असेल, संडेस्कूलच्या टीचरनं केला असेल, तरी पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवायचंच, न कळवणं हाच गुन्हा. "मंडळीची बदनामी होईल, आपण आपल्यात प्रार्थनेनं सोडवू" हे वाक्य तुझ्या कानावर येईल. तेव्हा तू उठून उभी राहा. तिथं ख्रिस्ती असणं म्हणजे त्या लेकराच्या बाजूला असणं, दुसरं काही नाही. तसंच चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या, सभेला जाऊन आल्यावर फिट्सच्या, टीबीच्या किंवा डोक्याच्या आजाराच्या गोळ्या बंद केलेली माणसं दिसतील. त्यांना डॉक्टर म्हणाले तर ऐकत नाहीत, तू म्हणालीस की प्रार्थना चालू ठेवा आणि गोळ्याही चालू ठेवा, तर ऐकायची शक्यता जास्त.

अजून एक गोष्ट, फार कळकळीनं सांगते. प्रार्थनेचा विषय म्हणून क्लायंटची गोष्ट मंडळीत सांगायची नाही. "आमच्या वस्तीतल्या एका ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांना एचआयव्ही निघालाय, नवरा सोडून गेलाय" असं ग्रुपवर टाकलं की नाव न घेताही अर्ध्या गावाला कळतं ती कोण. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानंच संमतीशिवाय सांगायला बंदी आहे. मंडळीपुढे आपल्या विश्वासाची साक्ष देताना क्लायंटची कहाणी सांगणं, फोटो दाखवणं तेही यातच आलं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं आपल्याला सांगितलंय.

आणि एखादी क्लायंट खरंच म्हणाली की मला बाप्तिस्मा घ्यायचाय, तर? असं होतं कधीकधी. तेव्हा तू तिची सोशल वर्कर राहायचं, तिला विश्वासात आणणारी व्हायचं नाही. घाई नको, मदतीचं प्रकरण चालू असताना तर नकोच, आणि परिणाम सगळे सांगायचे. ती अनुसूचित जातीची असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा जातो, मुलांची स्कॉलरशिप, राखीव जागा सगळ्यावर परिणाम होतो. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये ती सवलत मिळाली, ख्रिस्ती-मुस्लिमांना नाही. मला स्वतःला हा अन्याय वाटतो, पण मला काय वाटतं यानं तिच्या मुलाची फी भरली जाणार नाही. आदिवासी असेल तर दर्जा जात नाही. धर्मांतराबद्दल उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरातसारख्या राज्यांत कडक कायदे आहेत आणि मदत देणं हेच प्रलोभन धरलं जाऊ शकतं, तेव्हा तिथं काम करणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा.

विश्वास आणि पेशा खरंच एकमेकांच्या आड येतात अशाही काही जागा आहेत, उदाहरणार्थ गर्भपात. एखादी मुलगी माहिती विचारायला आली आणि तुझ्या मनाला ते जड जात असेल तर तसं मॅडमना आधीच सांगून ठेव, केस दुसऱ्या सहकाऱ्याकडे नीट सोपव, तोपर्यंत तिची साथ सोडू नकोस. पण कायद्यानं तिला काय करता येतं आणि किती आठवड्यांपर्यंत, ही माहिती लपवायची नाही. आपली सद्सद्विवेकबुद्धी आपल्या वागण्यापुरती, तिच्यापासून माहिती दाबून ठेवायला ती वापरायची नाही.

पाळकसाहेबांना काय सांगायचं? वाद घालू नकोस. त्यांना जामखेडच्या आरोळे डॉक्टर पती-पत्नींबद्दल विचार. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पक्के श्रद्धावान ख्रिस्ती, १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या कमी शिकलेल्या, बऱ्याचशा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गावानं ज्यांना सगळ्यात खाली धरलं होतं त्यांच्याच हातात गावाचं आरोग्य दिलं. मॅगसेसे मिळालं पुढं १९७९ मध्ये. त्यांना विचार, साहेब, यात प्रभूचं नाव आलं की नाही? चांगले पाळक असतील तर विचार करतील. आणि त्यांना एक काम पण दे, मंडळीतल्या दोन-चार बायकांना त्या वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला पाठवा म्हणावं, पुस्तिका न वाटता. तयार झाले तर आधी मॅडमची परवानगी घे आणि त्या बायकांना चाइल्ड प्रोटेक्शन पॉलिसी वाचायला लावून सही घे.

क्रॉस काढायची गरज नाही, मॅडमनी तसं सांगितलं असेल तर कारण विचार. वस्तीतल्या बाईला आता लगेच भेट, गप्प बसल्याबद्दल काही बोलायची गरज नाही, सरळ रात्रीच्या सुरक्षिततेपासून सुरू कर. आणि तुझी संस्था कुठल्या प्रकारची आहे, एफसीआरए आहे का, ते कळव, त्यावर आणखी नेमकं सांगता येईल.